६४० रुपयांसाठी कोण भांडतं? : एक जाहीर इशारा

कुरियर कंपन्या, ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्या, कुरियर जोडून देणारे मध्यस्थ आणि खोक्यामागे चार-पाच रुपये कापून 'संरक्षण' विकणारे, या सर्वांसाठी हा मजकूर आहे. खर्डी, आटगाव, आसनगाव, शहापूर आणि तिकडे मुरबाडपर्यंतच्या पडव्यांमधून, माळ्यांवरून आणि एका खोलीच्या दुकानांतून माल पाठवणारे आम्ही लहान विक्रेते आहोत. फुटलेल्या, भिजलेल्या, हरवलेल्या मालाचे आमचे दावे तुमच्याकडे पडून आहेत. ते पंधरा दिवसांत निकाली काढा. निकाली काढा म्हणजे पैसे द्या, नाहीतर का देत नाही ते पुराव्यासकट लेखी कळवा. 'दावा बंद' ही दोन शब्दांची ओळ आम्ही उत्तर म्हणून यापुढे धरणार नाही. सोळाव्या दिवसापासून विनंत्या थांबतील.

एवढा कडक सूर का लावला, ते सांगते.

मागच्या पावसाळ्यात वारली चित्र काढलेल्या मडक्यांची एक जोडी नागपूरला गेली. किंमत ११८० रुपये, भाडं ६४ रुपये. चित्र पाड्यावरच्या एका बाईंच्या हातचं, त्यांचे ३०० रुपये मी आधीच देऊन टाकले होते. कारागिराला 'गिऱ्हाईक पावलं की देते' असं सांगायची पद्धत आमच्याकडे नाही. आठवड्याने नागपूरहून फोटो आला : खापऱ्या. गिऱ्हाईक सज्जन होतं, ओरडलं नाही, फक्त माल परत केला. खोका खर्डीला परत आला तेव्हा एक कोपरा आत चेपलेला, तळ ओला आणि वर 'नाजूक वस्तू' असं छापलेल्या पट्टीवर बुटाचा ठसा. फोटो काढले, बांधणीचा व्हिडिओ जोडला, दावा टाकला. चौथ्या दिवशी उत्तर : पॅकिंग अपुरं, दावा बंद. फोन केला तर मुलगी म्हणाली, "मॅडम, सिस्टीममध्ये क्लोज दाखवतंय." तिच्या वरच्या साहेबांना मागितलं. ते हसतच म्हणाले, "मॅडम, पाच-सहाशे रुपयांसाठी कोण भांडतं?"

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. हे वाक्य एका कंपनीचं नाहीच, सगळ्या धंद्याचं गणित त्यात आहे. विक्रेता लहान, रक्कम लहान, ठाणं लांब. खर्डीहून कसारा लोकल पकडून ठाण्याला जायचं, एक दिवस बुडवायचा, वकिलाला हजार-दोन हजार द्यायचे आणि हाती काय, तर सहाशे रुपये. हे गणित आम्हाला परवडत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून शंभरातले नव्वद दावे न वाचता बंद करायला तुम्हाला परवडतं, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. तो खोटा असेल तर पंधरा दिवसांत खोडून काढा.

आता तुमच्याच कायद्याकडे येऊ. कसारा घाटातून पहिली आगगाडी वर चढली ते साल १८६५. त्याच साली इंग्रज सरकारने मालवाहतूकदारांचा कायदा केला, आणि तो दीडशे वर्षांच्या घरात टिकला. त्याच्या जागी २००७ चा रस्तामार्गे मालवाहतूक कायदा आला, १ मार्च २०११ पासून लागू झाला. या कायद्यातल्या वाहतूकदाराच्या व्याख्येत घरपोच माल नेणारी कुरियर एजन्सी नाव घेऊन बसवलेली आहे. स्वतःची गाडी नाही, दुसऱ्याच्या गाडीने माल नेतो, अशी पळवाटही ठेवलेली नाही. दलाल, एजंट, माल बुक करून घेणारी कंपनी, सगळे आत. तेव्हा 'आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो' हे वाक्य पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिण्याआधी आपल्या वकिलाला एकदा विचारून घ्या.

या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या फार कामाची. माल तुटला तर वाहतूकदाराची हयगय झाली हे माल देणाऱ्याने सिद्ध करायचं नसतं. म्हणजे नागपूरच्या वाटेवर पडघ्याच्या गोदामात कुणी खोका आपटला, की भिवंडीत पावसात भिजत ठेवला, हे मला खर्डीत बसून शोधायचं नाही. तुम्ही मात्र माझ्याकडे तेच मागता. 'माल आमच्या ताब्यात असताना फुटला याचा पुरावा द्या.' ताबा तुमचा, कॅमेरे तुमचे, गोदाम तुमचं, आणि पुरावा मी द्यायचा!

भरपाई किती, हेही नियमात आहे. जास्तीचं जोखीमभाडं भरलेलं नसेल तर भाड्याच्या दहापट, आणि तीही मालाची जाहीर केलेली किंमत ओलांडणार नाही इतकी. माझं भाडं ६४, दहापट ६४०. माझा माल ११८० चा होता, तरी मी ६४० च मागते आहे. साहेब ज्या 'पाच-सहाशे'ला हसले ती माझ्या मनाची रक्कम नव्हे, कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा आहे. ती मर्यादा वाहतूकदाराला वाचवण्यासाठी घातलेली, आणि आता तेवढंही द्यायला तुम्ही तयार नाही.

'पॅकिंग अपुरं' या दोन शब्दांवर मात्र जरा थांबते, कारण सगळा खेळ तिथे आहे.

तुम्ही भाडं दोन मापांनी मोजता. एक खरं वजन, दुसरं खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. आता बघा. दीड किलोचं मडकं वीस सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात कसंबसं बसतं, आकारवजन १.६ किलो. त्याच मडक्याभोवती सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर गादी घालायची, जशी घालायला हवी तशी, तर खोका तीस सेंटिमीटरचा होतो आणि आकारवजन एकदम ५.४ किलो. मडकं तेच, माती तेवढीच, भाडं तिपटीहून जास्त वजनाचं. लहान खोका घेतला तर फुटल्यावर 'पॅकिंग अपुरं', मोठा घेतला तर गिऱ्हाईक डिलिव्हरीचा आकडा बघूनच पळतं. वर कधी कधी तुमचं यंत्र खोक्याचं माप परस्पर वाढवतं आणि फरकाचे पैसे आमच्या खात्यातून आपोआप कापून जातात. ते कापायला तुम्हाला चार दिवस लागत नाहीत आणि पुरावाही लागत नाही.

म्हणून आमची आणखी एक मागणी. नाजूक मालासाठी कोणतं पॅकिंग पुरेसं, ते मराठीत, मापांसकट, चित्रासकट लिहून द्या. किती पदरी पन्हळी खोका, भोवती किती जाडीची गादी, किती उंचीवरून पडला तर टिकला पाहिजे, सगळं लिहा. आम्ही ते पाळू. पाळल्याचा व्हिडिओ देऊ. मग 'अपुरं' हा शब्द तुम्ही कोणत्या तोंडाने वापराल ते बघू. आमच्या इकडे भाताचा पेंढा मुबलक आहे, हापूसच्या पेट्या पेंढ्यातून कोकणातून मुंबईला वर्षानुवर्षं गेल्या, तेव्हा वस्तू जपून पाठवायची अक्कल आम्हाला कुणी शहरातून शिकवायची गरज नाही. (पेंढा नीट वाळवलेला हवा, एवढंच. पावसाळ्यात दमट पेंढा घातला तर बुरशी मालाला लागते. हे आपल्यातल्याच काहींना अजून सांगावं लागतं.)

पिकअपला येणाऱ्या पोराबद्दल मात्र एक शब्द वाईट बोलणार नाही. तो म्हणतो, "ताई, मी खोका टाकत नाही, खोका गाडीत पडतो." खरं आहे. दुचाकीच्या मागे छातीएवढी पिशवी, मुंबई-नाशिक महामार्गावरचे खड्डे आणि दिवसाचं टार्गेट. त्याच्या पगारातून आमची भरपाई कापाल तर याद राखा, तो आमच्याच गावचा आहे.

रस्त्याचं कारणही यापुढे चालणार नाही. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला. तो आमच्याच तालुक्याच्या डोंगरांतून काढला आहे. भातसा, तानसा, मध्य वैतरणा ही धरणं आमच्या भागात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. गोदामं भिवंडीला, गाड्या आमच्या दारावरून, आणि फुटका माल आमच्या पडवीत. हा ओळखीचा हिशोब आहे. तो आम्ही पाण्याच्या बाबतीत फार सोसला, मालाच्या बाबतीत सोसणार नाही.

आता 'संरक्षण' विकणाऱ्यांकडे वळते. बुकिंगच्या पडद्यावर एक बारीक खूण आधीच केलेली असते, 'शिपमेंट सुरक्षित करा', आणि चार-पाच रुपये कापले जातात. आम्ही विचारतो : हा विमा आहे का? असेल तर विमा कंपनीचं नाव, पॉलिसीचा क्रमांक आणि अटींची प्रत द्या. भारतात विमा विकायला विमा नियामकाची नोंदणी लागते. विमा नसेल तर तसा भास होईल असे शब्द वापरू नका. आणि असेल तर कोणत्या कलमांचा, ते सांगा. देशांतर्गत मालवाहतुकीच्या विम्याची 'अ', 'ब', 'क' अशी तीन कलमपत्रं असतात. 'अ' म्हणजे जवळपास सगळी जोखीम. 'ब' म्हणजे आग, वीज, पूल कोसळणं, गाडीची टक्कर, गाडी उलटणं, रूळ सोडणं अशा मोजक्या गोष्टी. 'क' म्हणजे आग आणि वीज, बस्स. खड्ड्यात आदळून मडकं फुटलं तर 'ब' आणि 'क' मध्ये एक पैसा मिळत नाही. माझ्या मडक्यावर वीज पडेल म्हणून रोज पाच रुपये भरणारी मी वेडी आहे का? अपुरं पॅकिंग तर 'अ' मध्येही वगळलेलं असतं, म्हणून ते लिखित माप आम्हाला हवं आहे, हे पुन्हा सांगते.

ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यांनीही कान द्यावा. २३ जुलै २०२० पासून लागू असलेल्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, एकाच प्रकारच्या विक्रेत्यांना वेगवेगळी वागणूक देत असाल तर ती तुमच्या अटींमध्ये लिहावी लागते. मोठ्या विक्रेत्याचा दावा दोन दिवसांत आणि आमचा दोन महिन्यांत, हा फरक तुमच्याकडे कुठे लिहिला आहे ते दाखवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेखालच्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय आपल्या राज्यात ऑनलाइन विकता येऊ लागलं, तेव्हा 'गावागावांतले उद्योजक या' म्हणून पायघड्या तुम्हीच घातल्यात. आम्ही आलो. आता दारात उभं करू नका.

शहापूरचा माल बाहेर जाऊ शकत नाही असं कुणी म्हणू नये. करोनाच्या काळात इथल्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या कातकरी तरुणांनी वन धन योजनेतून गुळवेल गोळा केली आणि हिमालया, डाबर यांसारख्या कंपन्यांकडून शेकडो टनांची, दीड कोटीहून जास्त रुपयांची मागणी मिळवली. ट्रकभर मालाच्या मागे करार असतो, बिल असतं, आणि ट्रक उलटला तर फोन उचलायला माणूस असतो. एका खोक्याच्या मागे यातलं काहीच नसतं. पण ज्या पोरींनी काल खोका पाठवायला सुरुवात केली त्या उद्या ट्रक भरतील, आणि तेव्हा कुणाची गाडी बोलवायची ते त्यांच्या लक्षात असेल.

इथवर वाचून आपल्यातले काही विक्रेते टाळ्या वाजवत असतील. थांबा. हा इशारा तुम्हालाही आहे.

खोक्याची किंमत लिहिताना दोनशे-तीनशे टाकता ना, काही रुपये वाचतील म्हणून? मग हजाराचा माल फुटल्यावर रडू नका. जाहीर किंमत हीच भरपाईची वरची कड आहे. अटी न वाचता 'मान्य आहे' दाबता? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या खटल्यात काय सांगितलं ते ऐका. जर्मनीच्या गिऱ्हाइकाला पाठवलेली कागदपत्रं कुरियरने पोचली नाहीत, हंगाम निघून गेला, व्यापाऱ्याचं लाखांत नुकसान झालं. कुरियरच्या चिठ्ठीवर मात्र शंभर डॉलरची मर्यादा छापलेली होती आणि खाली सही होती. न्यायालयाने सही धरली. शंभर डॉलर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : १८० दिवस. नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत पोचली नाही, तर दावा लावताच येत नाही. फुटल्याच्या तारखेपासून नव्हे, परत आल्याच्या तारखेपासून नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून. ॲपवरचं तिकीट, चॅटवरचं 'आम्ही बघतो', ग्राहक सेवेचा फोन, यांच्या भरवशावर सहा महिने घालवू नका. कागदावर लिहा : खोक्याचा क्रमांक, बुकिंगची तारीख, माल, किंमत, काय तुटलं. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा आणि पोच जपून ठेवा. रेल्वेने पार्सल पाठवणाऱ्यांसाठी ही मुदत सहा महिन्यांची आहे, आणि किंमत जाहीर न करता पाठवलेल्या पार्सलची जबाबदारी किलोला ५० रुपयांवर अडते. पोस्टाला २००७ चा हा कायदा लागूच नाही, सरकारला त्यातून वगळलं आहे. देशातल्या स्पीड पोस्टात माल तुटला तर भाड्याच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातली कमी रक्कम. किमती माल पोस्टाने पाठवायचा तर विमा उतरवूनच पाठवा.

व्हिडिओ काढता ते उत्तम. पण मूळ फाईल मोबाईलमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत बारीक होते आणि तारखेचा माग हरवतो. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाखाली अशा पुराव्याला कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा एक भाग तुम्ही स्वतः भरायचा, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते. व्हिडिओत रिकामा खोका, वस्तू, गादी, चिकटपट्टी आणि लेबलचा क्रमांक एका दमात, न कापता दिसला पाहिजे.

एकाच फुटक्या मडक्याचा फोटो तीन दाव्यांना जोडणारे महाभाग आपल्यातही आहेत. आता तर मोबाईलवर धड वस्तूची तुटकी वस्तू करून मिळते, आणि गिऱ्हाइकांतही काही जण तेच करू लागले आहेत. हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधलं फसवणुकीचं प्रकरण आहे. असा एक दावा आमच्या खऱ्या पन्नास दाव्यांचा जीव घेतो. आमच्यातला कुणी सापडला तर त्याचं नाव कंपनीच्या आधी आम्ही सांगू.

सोळाव्या दिवशी काय होईल, तेही लपवत नाही.

प्रत्येक खोक्याची वेगळी कायदेशीर नोटीस निघेल. त्यानंतर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारी जातील. 'तुम्ही व्यापारी, तुम्ही ग्राहक नाही' हे तुमचं ठरलेलं उत्तर आम्हाला पाठ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणातून वगळली आहे, तेच तत्त्व सेवेलाही लावा असं आम्ही म्हणणार. स्वतः टंकलेखन करणारा आणि स्वतः टॅक्सी चालवणारा हे ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात सांगितलं होतं. स्वतः खोका बांधणारी बाई त्यांच्याहून वेगळी कशी, ते आयोगापुढे सांगा. विमावाल्यांसाठी १३ एप्रिल २०२३ चा हरसोलिया मोटर्सचा निकाल आहे : नुकसान भरून काढण्यासाठी घेतलेला विमा म्हणजे नफ्याचा धंदा नव्हे. शिवाय एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाचं दार उघडं आहे, फी न भरता.

आणि ठाणं लांब असल्याचं तुमचं गणित? पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या सरकारी पोर्टलवर मोबाईलमधून दाखल होते, सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने मागता येते. कसारा लोकलचं तिकीटसुद्धा काढायला लागणार नाही.

एक शेवटचं. आमच्या धंद्यात आरटीओ म्हणजे परत फिरलेला खोका. २००७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक वाहतूकदाराला परिवहन प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी लागते, आणि त्यात कुरियर आलेच. तुमच्यातल्या किती जणांनी ती घेतली आहे, हे आम्ही त्या दुसऱ्या आरटीओत माहितीच्या अधिकारात विचारणार आहोत.

विक्रेत्यांनो, फुटक्या मालाचं लेबल फेकू नका. खापऱ्या, लेबल, खोका, तिन्ही एका पिशवीत घालून बुकिंगच्या तारखेप्रमाणे लावून ठेवा. ज्यांचे १८० दिवस भरत आले असतील त्यांनी पंधरा दिवस थांबू नका, आजच नोटीस लिहा. काही अडलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

बाकीच्यांसाठी मुदत आजपासून मोजली जाते आहे. सोळाव्या दिवशी सकाळी खर्डीचं पोस्ट उघडलं की पहिली नोटीस माझी असेल, ६४० रुपयांची. तिकिटाचे आणि पोचपावतीचे पैसे मी डब्यात बाजूला काढून ठेवले आहेत.